भिंतीवरच्या दोन रिकाम्या जागा

१२ जानेवारी

ताई,

आधी सांगतो, घरात सगळे बरे आहेत. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते फोडायला घाबरतेस, हे मला ठाऊक आहे. मागचं पत्र बाबा गेल्याचं होतं, त्याला आता आठ महिने झाले. फोनवर तुला नुसती घूं घूं ऐकू येते म्हणतेस, म्हणून हा कागद.

मी शेडचं कुलूप तोडलं. किल्ली बाबांनी कुठे ठेवली होती ते त्यांच्याबरोबरच गेलं. आत ट्रक तसाच उभा आहे, बेचाळीस वर्षं एका जागी. टायरांचा भुगा झालाय, सीटच्या काथ्यात उंदरांच्या चार पिढ्या नांदून गेल्यात आणि बॉनेटवर इतकी धूळ, की तुझ्या भावजयीने बोटाने त्यावर माझं चित्र काढलं. पोटासकट.

आई ज्या ट्रकने गेली तो उघडायचाच कशाला, असं तू विचारशील. मलाही नीट सांगता येणार नाही. कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली. आता रिकामा झालो आणि घराच्या मागेच एक बिघडलेली वस्तू असताना स्वस्थ बसवेना, एवढंच समज.

पण एक ऐक. मी धरून चाललो होतो की इंजिन गंजून गच्च बसलं असेल. समोरून हँडल घातलं आणि ते फिरलं. मिस्त्रीकाकांना बोलावलं. (तेच, जे पूर्वी आपला ट्रक बघायचे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कमरेत वाकलेत, पण पाना हातात दिला की सरळ होतात.) त्यांनी प्लग काढले, आत बोट घालून वास घेतला आणि म्हणाले, "हे इंजिन कुणीतरी दरवर्षी तेल पाजून हाताने फिरवलंय." कोनाड्यात तेलाने माखलेला चमचा सापडला. म्हणजे बाबा. आम्हाला कुणाला त्या शेडकडे फिरकू न देणारे बाबा.

त्यांची हत्यारांची भिंत आठवते ना? प्रत्येक हत्याराला एक खिळा आणि भोवती निळ्या रंगाची रेघ, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते लांबून दिसावं. सगळं जागेवर आहे. फक्त दोन जागा रिकाम्या. एक तिरकी, ती चाकामागे लावायच्या ठोकळ्याची, हे मी ओळखलं. दुसरी अगदी खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, वीतभर. तिथे काय असायचं ते कुणालाच सांगता येईना. मी कागद लावून ती रेघ उतरवून घेतलीय, सोबत पाठवतो. तू बघून सांग. आणि तो ठोकळा कुठे गेला, तेही.

ट्रक चालू झाला की तुला घ्यायला येणार आहे. मावशीकडे राहायला गेलीस, त्यानंतर तू या अंगणात पाय ठेवला नाहीस. बाबांच्या वेळीही नाही. गुडघा दुखतो म्हणालीस, मी ऐकून घेतलं. पण वाईट वाटलं होतं, ते आज लिहून टाकतो.

तुझा बारक्या


२४ जानेवारी

बारक्या,

पत्र मिळालं. भावजयीला सांग, चित्रात केस काढायची गरज पडली नसेल, तेवढी मेहनत वाचली.

शाळांचे गणवेश आत्तापासून शिवायला घेतलेत. दिवसभर मशीन आणि मी. ऐकू येत नाही याचा एक फायदा आहे, मशीनची कटकट वाटत नाही. गल्ली चढून येताना मात्र गुडघा जीव काढतो. इतका उतार आहे की भाजीवालाही खालीच थांबतो.

ट्रक भंगारात दे. त्याच्या जागी गोठा कर, नाहीतर बटाट्यांची पोती ठेव. जुन्या लोखंडात हात घालून धनुर्वात व्हायचा.

तुझी आकृती पाहिली. काही ओळखू येत नाही. पंपाचं एखादं हत्यार असेल. ठोकळा कुणीतरी चुलीत घातला असेल, लाकूडच होतं ते. कागद तुझा तुला परत पाठवतेय.

माझ्या येण्याचं नंतर बघू.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पाकिटात कागद नव्हता. म्हातारी झालीस.

चालू झाला. काल सकाळी अकरा वाजता. कार्बोरेटर तीनदा उघडला, पेट्रोलची टाकी आतून चुन्याच्या भांड्यासारखी झाली होती ती धुतली, तारा सगळ्या नव्या ओढल्या. मिस्त्रीकाका हँडलपाशी आणि मी केबिनमध्ये. पहिल्यांदा धूर, मग खोकला, मग सगळी शेड हादरली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने, असं ते म्हणाले.

आता एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. इंजिन बंद केलं, शेवटचा हादरा बसला आणि मागून दोन ठोके आले. टक, टक. कुणीतरी हौद्याच्या मागच्या फळक्यावर वाजवावेत तसे, नीट अंतर ठेवून. मला वाटलं काका मागे गेले. काका समोर होते, हातात हँडल. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा दोन. तिसऱ्यांदाही दोनच. एक नाही, तीन नाहीत.

काका म्हणाले, इंजिनाखालची रबरं गेलीत, त्याने काहीतरी आपटत असेल. रबरं बदलली. ठोके तसेच. तुझी भावजय आधी मला वेड्यात काढत होती. तिला बोलावून ऐकवलं. तेव्हापासून तिने शेडजवळची कपड्यांची दोरी सोडून पुढच्या अंगणात बांधलीय.

आपल्या घरी दोन ठोक्यांचा अर्थ काय होता, तो काकांनी सांगितला. हँडब्रेक गेलेला, गिअर निसटायचा. कोठारासमोर अंगण उतरतं. बाबा ट्रक मागे मागे नेत कोठाराच्या ओट्यापासून हातभर अंतरावर थांबवायचे, इंजिन बंद करायचे आणि पायाने ब्रेक दाबून बसायचे. तू उतरून चाकामागे ठोकळा लावायचीस आणि फळक्यावर दोनदा ठोकायचीस. मग बाबा पाय काढणार आणि आई मागे जाऊन फळका उघडणार. हे मला इतक्या वर्षांत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. एवढंच माहीत होतं की तू ठोकळा लावायच्या आधीच ठोकलंस आणि आई ट्रक आणि ओट्याच्या मध्ये सापडली.

आणि ताई, ते ठोके ऐकले की मला काहीतरी दिसतं. मी कुठेतरी उंच, पोत्यांवर बसलोय. फळ्यांच्या फटीतून खाली आईच्या डोक्यावरचा पिवळा रुमाल दिसतोय. आणि मला खूप मजा वाटतेय. कधीचं आहे हे? मी त्या दिवशी ट्रकमध्ये होतो का?

बारक्या


२३ फेब्रुवारी

बारक्या,

नव्हतास. तुला ताप होता आणि तू मावशीच्या मांडीवर होतास. चार वर्षांच्या मुलाला काय आठवणार? नंतर ऐकलेलं मनात जाऊन बसतं आणि आपण पाहिलं असं वाटायला लागतं. पिवळा रुमाल आई रोजच बांधायची. मावशीच्या बैलगाडीत तू पोत्यांवर बसायचास, तेच असेल.

जुनं लोखंड तापून गार होताना वाजतं. तू फिटर ना? मग घाबरतोस कसला.

पुरे झालं आता हे. चालू झाला ना, हौस फिटली. आता विकून टाक. माझं एवढं तरी ऐक.

ताई


३० मार्च

ताई,

तू तिसऱ्याच दिवशी उत्तर लिहिलंस. एरवी तुला उत्तराला पंधरा दिवस लागतात. तेव्हाच कळलं की मी तुला दुखावलं. म्हणून महिनाभर लिहिलं नाही.

या महिन्यात ब्रेक केले. चारही ड्रम उतरवले, नवे पट्टे लावले, हँडब्रेकची नवी तार ओढली. आता हा ट्रक कुठल्याही उतारावर एकटा उभा राहील. ठोकळ्याची गरज नाही. हे तुला मुद्दाम कळवतोय.

काकांनी त्या दिवसाचं थोडं सांगितलं. गलका ऐकून ते रस्त्यापलीकडून धावत आले होते. म्हणाले, "तुझी ताई चाकापाशी उभी होती. ठोकळा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. कुणी मागितला तरी देईना. रडत पण नव्हती." हे ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून ती मुलगी हलत नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची होती तेव्हा तिला वेणी घालता येत नव्हती.

तुझ्या लग्नात मी एक वाक्य बोललो होतो. तू विसरली असशील असं मी स्वतःला सांगत आलोय. मी पंधरा वर्षांचा होतो, तू नवी साडी नेसून दारात उभी होतीस आणि मी म्हणालो, "तुझ्यामुळे मला आई नाही." तू माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलंस आणि आत गेलीस.

ताई, मी तुला कधीच माफ केलंय. खरं म्हणजे माफ करण्यासारखं काही नव्हतंच. तू लहान होतीस, घाई झाली, आधी ठोकलंस. कुणाकडूनही झालं असतं. बाबांनी हे तोंडाने म्हणायला हवं होतं. ते बोलले नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी बोलतो. आता तरी ये.

ठोके अजून येतात. मी फटींत कापूस घालून पाहिला, बाहेरच्या फळ्या आवळून पाहिल्या. आता इंजिन बंद करायच्या आधीच मी श्वास धरून बसतो.

बारक्या


९ एप्रिल

बारक्या,

पत्र वाचलं. बरं वाटलं.

बटणाचं मला आठवत होतं. वाक्य नाही.

उन्हं वाढलीत, शेडमध्ये डोक्याला ओलं फडकं बांधून काम कर.

ताई


२ मे

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. तीन फाडली.

गेल्या सोमवारी हौद्याला रंग द्यायला घेतला. बाजूच्या फळ्या बाबांनी स्वतः बसवलेल्या, सगळ्या लोखंडी स्क्रूंनी, सगळे गंजून लाकडात विरलेले. डाव्या बाजूला मात्र आतून एक आखूड फळी वर जोडलीय आणि तिला चार स्क्रू पितळी. बाबांच्या हातचं पितळ मी जन्मात पाहिलं नाही. हे चार कालच बसवल्यासारखे फिरले.

फळीमागे चार बोटं पोकळी. आत एक खिळा, खिळ्याला सुतळीने टांगलेली एक लाकडी हातोडी, माझ्या वीतभर. लहान मुलाच्या मुठीत मावेल असा दांडा. इंजिन बंद होताना ट्रकला शेवटचा हादरा बसतो, तेव्हा ती झोका घेऊन पुढच्या फळीवर एकदा आणि मागच्या फळीवर एकदा आपटायची. तेवढंच होतं ते. भूत वगैरे काही नाही.

पण तिच्याभोवती आत, अंधारात, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे, निळी रेघ काढलेली आहे. भिंतीवर काढली आहे तशीच.

मी ती नेऊन भिंतीवरच्या खालच्या जागेत धरली. बरोबर बसली. तुला मी जो कागद पाठवला होता, तो तू ओळखला होतास ना? म्हणून परत आला नाही.

मिस्त्रीकाकांना जाऊन विचारलं. त्यांनी हातोडी घेऊन दांड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ही बाबांनी तुझ्यासाठी केली होती. तू सगळ्यांच्या मागे लागायचास, मला पण काम द्या म्हणून." मी विचारलं, त्या दिवशी मी कुठे होतो? म्हणाले, "तुला हौद्यातून मीच खाली काढलं. तुझ्या हातात काही नव्हतं." इतकी वर्षं का सांगितलं नाहीत म्हटलं, तर म्हणाले, कुणी विचारलं नाही.

आणखी एक सांगितलं. आई गेल्यानंतर पाचव्या दिवशी बाबा त्यांच्याकडे चार पितळी स्क्रू मागायला आले होते. काका लोखंडी देत होते. बाबा म्हणाले, "लोखंडी नको, गंजून बसतात. कधीतरी उघडायला लागेल."

ताई, मी त्या रिकाम्या जागेच्या मापाने नवा ठोकळा केला. जुन्या खांबाचं लाकूड घेतलं, खाली लोखंडी पट्टी मारली. तो उचलायला मला दोन्ही हात लागतात. काका म्हणाले तू तो छातीशी धरून उभी होतीस, अजून लावलेला नव्हता. मग तू फळक्यावर कुठल्या हाताने ठोकलंस?

मला ताप नव्हता. मी पोत्यांवर होतो. खाली पिवळा रुमाल होता आणि मला मजा वाटत होती, कारण मी तुझं काम करत होतो.

मी ठोकलं का, एवढंच सांग. सगळं पत्र लिहू नकोस. एक शब्द पुरे.

बारक्या


१५ मे

बारक्या,

हो.

एका शब्दात भागणार नाही, म्हणून पुढे लिहिते.

त्या दिवशी बाबांनी ट्रक ओट्यापाशी थांबवला. मी उतरले, ठोकळा उचलला, चाकाकडे वळले. वरून टक टक झालं. तू पोत्यांवर उभा होतास, हातात ती हातोडी आणि तोंडभर हसू. ठोके ऐकून आई मागे गेली. ठोके ऐकून बाबांनी पाय काढला. मी एका पावलावर होते. तेवढं एक पाऊल मी अजून रोज चालते, बारक्या.

मग बाबा खाली आले. सगळं पाहिलं. म्हणाले, "कुणी ठोकलं?" तू वर अजून हसत होतास, तुला काही कळलं नव्हतं. मी म्हणाले, मी. विचार वगैरे काही केला नाही. तू एवढासा होतास आणि तुला उद्यापासून आई नसणार, एवढंच डोक्यात होतं. त्यावर आणखी हेही तुला कशाला?

बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग वर तुझ्याकडे. मग म्हणाले, "बरं."

मी दोन दिवस ती हातोडी शोधत होते. पोत्यांखाली, ओट्यामागे, विहिरीच्या पायऱ्यांवर. कुणाला सापडली तर सगळं उघडं पडेल म्हणून. नाही मिळाली. तेव्हापासून धाकधूक होती की एक दिवस ती कुठून तरी निघेल. तुझं जानेवारीचं पत्र आलं, कागद उघडला आणि मी मशीनवरून उठून दाराला कडी लावली. भर दुपारी.

हे सगळं मी तुला सांगणार नव्हते, मरेपर्यंत. तू माफ केलंस तेही मी घेतलं. "बरं वाटलं" लिहिलं, मग अख्खा दिवस एकही गणवेश सरळ शिवला गेला नाही.

पण तुझ्या पत्राने मला वेगळंच समजलं. बाबांना माहीत होतं. त्यांनी माझे हात पाहिले होते, दोन्ही गुंतलेले. बेचाळीस वर्षं मी समजत होते की ते रागाने पाहत होते. गावातले लोक तोंडावर बोलायला लागले तेव्हा त्यांनीच मला मावशीकडे नेऊन सोडलं. दरवर्षी बटाटे काढून झाले की एक पोतं घेऊन यायचे, तासभर बसायचे, वर बघायचे नाहीत. मी चहा ठेवायचे, ते म्हणायचे "बरं". मला वाटायचं, अजून राग गेला नाही. म्हणून मी त्या अंगणात आले नाही. शेवटीही आले नाही. गुडघ्याचं खोटं होतं.

मला त्यांचा राग येतोय, बारक्या. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण येतोय. एक लहान मुलगी खोटं बोलली आणि एका मोठ्या माणसाने ते ठेवून घेतलं. तुझ्यासाठीच ठेवून घेतलं, हेही मला कळतं. मी तरी काय वेगळं केलं? पण मला एकदा एकटीला बाजूला घेऊन ते म्हणाले असते की मला माहीत आहे, तर मी घरी आले असते.

म्हणे कधीतरी उघडायला लागेल. कुणी उघडायचं होतं? आणि कधी?

तू स्वतःला काही करून घेऊ नकोस. तू चार वर्षांचा होतास.

ताई


२८ जून

ताई,

दीड महिना झाला. तुझी भावजय तुला दोन कार्डं टाकणार होती, मीच नको म्हटलं. मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, बटाट्याला पाणी देतो.

तू चार वर्षांचा होतास, हे तू लिहिलंस. काकांनीही तेच म्हटलं, भावजयही तेच म्हणते. खरंच आहे. पण तू अकरा वर्षांची होतीस, हे तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं. मार्चमध्ये, उदार होऊन, माफ केल्यासारखं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. आणि लग्नातलं वाक्य मला परत दे. ते माझं होतं, सगळंच्या सगळं.

हातोडी मी भिंतीवर तिच्या जागी लावली. तेव्हापासून ट्रक गप्प आहे. इंजिन बंद केलं की शेवटचा हादरा बसतो आणि पुढे काहीच नाही. तुला वाटेल मला हायसं वाटलं असेल. ताई, माझा पाय ब्रेकवरून निघेना. ठोके आल्याशिवाय तो निघतच नाही. हँडब्रेक नवा आहे, मी स्वतः ओढलाय, अंगण सपाट आहे तिथे उभा आहे, सगळं डोक्याला कळतं. पायाला कळत नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास बसून राहिलो. भावजय आली, तिने मागे जाऊन दोनदा थापटलं. तरी नाही. शेवटी तिने चाकाला चार विटा लावल्या, केबिनचं दार उघडलं आणि माझा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. त्यानंतर रोज तसंच करतेय.

बाबाही असेच बसत असतील का गं? दरवर्षी तेल घालून इंजिन हाताने फिरवायचे, पण चालू कधी केलं नाही. चालू केलं तर बंद करावं लागेल आणि मग आतून ठोके येतील, म्हणूनच ना? भीती त्यांनी स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगून ठेवली होती. मला त्यांचा राग येत नाही, फक्त दया येते. राग तू ठेव, तुझा तो हक्क आहे.

मी केलेला ठोकळा भिंतीवरच्या रेघेत बसत नाही. बोटभर मोठा झालाय. त्यामुळे एक जागा रिकामीच आहे.

ट्रक हिरवा रंगवलाय, पूर्वीसारखा. कागदपत्रं झाली. पुढच्या रविवारी मी तो घेऊन तुझ्याकडे येतोय. तुझी गल्ली उताराची आहे, तू म्हणाली होतीस. तुझ्या दारासमोर थांबवीन, इंजिन बंद करीन आणि बसून राहीन. हँडब्रेक ओढणार नाही. तू खाली येईपर्यंत पाय काढणार नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल. तू नाही आलीस तर मला कळेल, मी तसाच परत जाईन. तुझ्यावर रागावणार नाही.

बारक्या


३ जुलै

बारक्या,

ये. सकाळीच ये, गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याची गाडी लागायच्या आत. हॉर्न वाजवू नकोस, मला ऐकू यायचा नाही आणि शेजारी उगाच गोळा होतील. मी उजाडल्यापासून खिडकीत बसते.

मार्चचं पत्र फाडणार नाही. वाईट होतं तरी माझ्या भावाने मनापासून लिहिलं होतं. लग्नातलं वाक्य मात्र परत घेऊन जा, इथे जागा अडवतंय.

ठोकळा चुलीत गेला असं मी तुला लिहिलं होतं. तो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला लावलेला आहे. मावशीकडे पाठवताना बाबा बाहेर उभे होते आणि मी तो वळकटीत गुंडाळून घेतला. का घेतला ते तेव्हाही कळलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा तुझे भाऊजी वळकटी उचलायला गेले आणि म्हणाले, माहेरून काय दगड आणलेस का? मी म्हटलं, लाकूड आहे, दाराला होईल. ते जाईपर्यंत त्यांना याहून जास्त काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत ते दार एकदाही वाऱ्याने आपटलेलं नाही.

काल मी तो उचलून पाहिला. अजून दोन्ही हात लागतात. जिना उतरायला मला वेळ लागेल, गुडघ्याचं आता खरंच आहे. खाली आल्यावर चाकापर्यंत जायलाही वेळ लागेल. तुझ्या पायाला मुंग्या येतील, पोटरी भरून येईल, तरी पाय काढू नकोस. मागून कुणी काहीही वाजवलं तरी काढू नकोस. मी आधी ठोकळा चाकाला लावीन, हाताने चाचपून पाहीन, पुन्हा एकदा पाहीन. मगच माझे हात मोकळे होतील आणि मी दोनदा ठोकीन.

नंतर घरी जाऊ.

ताई